हट्टी प्रोटॉनचा निळा उजेड

१२ जानेवारी

सूनबाई,

परवा फोन ठेवल्यावर तुझ्या नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाली रे ती?" तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच तर बोलत होतात." तेव्हाच ठरवलं, यापुढे पत्र. माझा डावा कान कामातून गेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. डोळे मात्र शाबूत आहेत, आणि चष्मेवाल्याला तेवढं पुरतं.

तरी एक गोष्ट नीट ऐकू आली. तुमच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झ काचेच्या महागड्या डब्या तुम्ही कागदाने पुसता म्हणे. मला जेवण गेलं नाही. कागदाने काच पुसणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही, आणि इथे माझी स्वतःची सून.

सोबत कापड पाठवतो आहे. तुझ्या सासूबाईंच्या उशीचा अभ्रा, जोडीतला एक. सुती कापड वर्षानुवर्षं धुऊन धुऊन पार मऊ पडलं की मग ते भिंगाला लावायच्या लायकीचं होतं. चौकोन कापून कडा शिवल्या आहेत; शिवण वाकडी आहे, बोलू नकोस. धुतलंही मीच. ती गेल्यापासून धुण्याचं खातं माझ्याकडे आलं आहे. ती साध्या साबणाच्या वडीवर भागवायची. मी नवी पावडर आणतो आणि हात जरा सढळ ठेवतो. कपडे असे पांढरे निघतात की समोरच्या दुकानदाराने विचारलं, शर्ट नवा का.

पुसताना मधून कडेला जायचं, गोल गोल फिरवायचं नाही.

आणि तू तिथे नेमकं काय करतेस ते मला समजेल असं लिही. आपले निवृत्त हेडमास्तर दर आठवड्याला चष्म्याची दांडी घट्ट करायला येतात. दांडी घट्टच असते. त्यांना गप्पा हव्या असतात, आणि ते तुझ्याबद्दल खोदून खोदून विचारतात. तुझा नवरा म्हणतो, "लेझर सांगा." तेवढ्याने मास्तरांचं समाधान होत नाही.

बाबा


३० जानेवारी

बाबा,

कापड मिळालं. त्यावर अल्कोहोलचा थेंब टाकून डबी पुसली, आणि पहिल्यांदाच डबी हातात आहे की नाही असा प्रश्न पडला, इतकी स्वच्छ. एक चौकोन माझ्या टेबलावर असतो. कुणाला हात लावू देत नाही. शिवणीबद्दल काहीही बोललेले नाही, याची नोंद घ्यावी.

आता माझं काम. मास्तरांना असं सांगा.

माझ्याकडे एक रेणू आहे. त्यात एका बाजूला ऑक्सिजन आहे, त्याच्यापाशी एक हायड्रोजन बसलेला. अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर, नायट्रोजन आहे. हायड्रोजन ऑक्सिजनच्या घरचा, पण त्याचा ओढा नायट्रोजनकडेही आहे. या ओढीला आम्ही हायड्रोजन बंध म्हणतो. अंधारात सगळं जिथल्या तिथे. मग मी त्यावर अतिनील उजेड टाकते. उजेड पिताच रेणूतली सगळी गणितं बदलतात. ऑक्सिजनची पकड सैल होते, नायट्रोजनचा लोभ वाढतो, आणि हायड्रोजनचा गाभा, म्हणजे प्रोटॉन, सरळ पलीकडे जातो. थोड्या वेळाने रेणू प्यायलेला उजेड बाहेर टाकतो आणि प्रोटॉन आपल्या जागी परत येतो. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत असे कोट्यवधी फेरे होऊ शकतात.

प्रोटॉन गेला हे मला कसं कळतं? रंगावरून. तो जागचा हललाच नसता तर रेणूने निळा उजेड दिला असता. जाऊन बसण्यात काही ऊर्जा खर्च होते, म्हणून बाहेर पडतो तो हिरवा. काळे पडदे ओढलेल्या खोलीत, पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावणातून तो हिरवा उजेड उगवतो तेव्हा मी अजूनही काम सोडून बघत राहते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ओरडत नाहीत. त्याही बघत असतात.

आणि हे फक्त तुमच्यासाठी. प्लॅस्टिकच्या भिंगात अतिनील किरण अडवायला जी द्रव्यं मिसळतात, त्यांतली बरीच हाच खेळ खेळतात. ती चमकत नाहीत एवढंच. सगळी ऊर्जा उष्णता करून सोडून देतात. म्हणून वर्षानुवर्षं ऊन खाऊनही ती तुटत नाहीत. म्हणजे मी इथे जे शिकते आहे ते तुम्ही कधीपासून दुकानात विकत आला आहात.

तुमची सून


२० फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा मीच मध्ये मध्ये थांबून "बघा" म्हणत होतो. शेवटचा परिच्छेद आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. काल एक बाई म्हणाल्या, "मला फक्त फ्रेम हवी होती." त्यांनाही ऐकवला.

मास्तरांनी लगेच निष्कर्ष काढला की प्रोटॉन म्हणजे नवी नवरी, उजेड पडला की सासरी, विझला की माहेरी. मी म्हटलं, आमच्या घरात उलटं आहे, सूनच बाहेर आणि सासरा चुलीशी. खरं सांगू, तू जायचं म्हणालीस तेव्हा लोकांनी मला बरंच सुनावलं होतं. आता त्यांच्यापैकी जो कुणी चष्मा करायला येतो त्याला मी प्रोटॉनची गोष्ट सांगतो आणि मगच नंबर काढतो.

एक शंका. सगळेच प्रोटॉन जातात का गं? इतक्या कोटींमध्ये एखादा हट्टी नसतो का, "मी नाही जात" म्हणून बसणारा? माणसांत तर असतोच. आमच्या घरात मी आहे.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

हट्टी सापडला.

थट्टा करत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मी हसले, पण शंका डोक्यातून जाईना. आमच्या रेणूला मॅडमनी अणूंची एक नवी शाखा जोडली आहे. तिच्या गर्दीमुळे काही प्रोटॉनची वाट अडत असेल का? उजेड मोजून काढलेल्या आलेखात, हिरव्याच्या शेजारी, निळ्या बाजूला, मी मुद्दाम शोधायला लागले. आणि तिथे एक बुटका निळा उंचवटा आहे. परत मोजला, आहे. नवं द्रावण केलं, आहे. हे रेणू उजेड पितात आणि जागचे हलत नाहीत.

रेणू न मिसळलेल्या नुसत्या द्रावकाची मोजणी माझ्याकडे कामाच्या सुरुवातीची, जानेवारीतली आहे. तिच्यात काहीच नाही, रेषा सपाट. तेव्हा निळा येतो तो रेणूतूनच.

मॅडमनी आकृती हातात घेऊन निळ्या उंचवट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे तुला कसं सुचलं?" मी खरं सांगितलं, माझ्या सासऱ्यांनी विचारलं. त्यांना वाटलं तुम्ही प्राध्यापक आहात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

लेख शोधपत्रिकेकडे पाठवला आहे. आणि आता मुख्य गोष्ट. माझी नेमणूक जूनमध्ये संपते हे तुम्हाला माहीत आहे. मॅडम म्हणतात, हा लेख नेमणुकीच्या समितीपुढे असेल तर आणखी तीन वर्षं नक्की. तीन वर्षं असतील तर तुमच्या चिरंजीवांनाही इथल्या पुलांच्या कामावर बदली मागता येईल, आणि तुम्हालाही आणता येईल. नाही म्हणू नका. मला ही जागा किती हवी आहे हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते आहे.

तुमची सून


१५ एप्रिल

सूनबाई,

काय लिहू. तुझ्या नवऱ्याने पत्र मोठ्याने वाचलं आणि मधेच तो पाणी प्यायला उठला. तुझ्यावर तो किती जीव टाकतो हे त्याला बोलता येत नाही, म्हणून मी लिहितो.

मास्तरांना मी सांगितलं की शंका माझी होती. त्यांना ते झेपलेलं नाही. चार दिवस दुकानात फिरकले नाहीत, मग आले आणि म्हणाले, "विचारणं सोपं असतं, शोधणं तिचं." बरोबर बोलले, पण मी तोंडावर कबूल केलं नाही.

कापड मळलं असेल तर कळव. उरलेला एक चौकोन माझ्याकडे आहे, पुन्हा पावडरीत घालून चकचकीत करून पाठवतो. मोठ्या लोकांपुढे मळकं कापड घेऊन बसू नकोस.

बाबा


९ मे

बाबा,

निळा उजेड खोटा होता.

सरळ सांगते, कारण तुम्ही इतर कुणाकडून ऐकू नये. डबीच्या बाहेरच्या काचेवर बाहेरून आलेलं एक रसायन राहिलं होतं. ते स्वतःच अतिनील उजेडात निळं चमकतं. माझ्या रेणूशी त्याचा काही संबंध नाही. गेल्या आठवड्यात पडदे ओढून अतिनील दिवा लावला, यंत्राचं झाकण बसवायचं राहिलं होतं, आणि दिव्याचा झोत टेबलावर पडला. तिथे एक वस्तू लख्ख निळी पेटल्यासारखी दिसली. मी मिनिटभर तिच्याकडे बघत राहिले. मग रिकामी डबी घेतली, साधं द्रावक भरलं आणि मोजलं. तोच निळा उंचवटा. रेणू नसताना.

चूक माझी आहे. जानेवारीतल्या सपाट रेषेवर विसंबून राहिले. ती दर वेळी नव्याने काढायला हवी होती, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. मी ते केलं नाही, कारण मला निळा हवा होता.

समितीची बैठक पंधरवड्यावर होती. लेख स्वीकारल्याचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. खोटं नाही बोलणार, मी ती आकृती घेऊन जिन्यात बसले. कुणाला कळलं नसतं, निदान जूनपर्यंत. मग उठले आणि मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पुन्हा मोजलंस?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. त्यांनी लेख मागे घेण्याचं पत्र स्वतः लिहायला घेतलं आणि म्हणाल्या, "यावर माझी सही आधी होईल. तुझी खाली." बाबा, या बाईंसाठी मी आयुष्यभर डब्या धुवायला तयार आहे.

मास्तरांना तुम्हीच सांगा. मला हिंमत होत नाही.

तुमची सून


१८ मे

सूनबाई,

वाईट वाटलं, खूप वाटलं. तुझी जागा जाणार की काय या विचाराने दुकानात मी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला, आणि तो "छान दिसतंय" म्हणत घेऊन गेला.

पण मला राग आला आहे तो वेगळाच. तिथे डब्या पुसतं कोण? बाहेरचं रसायन काचेवर राहतंच कसं? तुझ्याशिवाय आणखी कुणी तरी तिथे हात लावत असणार, आणि तू भिडस्त आहेस म्हणून नाव घेत नाहीस. माझं ऐक, मी पाठवलेल्या कापडातला एकेक तुकडा सगळ्यांना वाटून टाक. जीव लावून एकटीने वापरू नकोस. सगळ्यांनी त्याच कापडाने पुसलं असतं तर ही वेळ आली नसती.

बाबा


१० जून

बाबा,

समितीने एक वर्ष दिलं. तीन नाही. मॅडम म्हणतात, लेख मागे घेऊनही एक मिळालं हेच पुष्कळ. बदलीचं तूर्त राहू दे.

डब्या मीच पुसते. दुसरं कुणी नाही. काळजी करू नका.

तब्येत जपा.

तुमची सून


२८ जून

सूनबाई,

तुझं मागचं पत्र इतकं छोटं होतं की मी ते उलटं करून मागे काही लिहिलंय का बघितलं. तू एवढं कमी लिहितेस तेव्हा काही तरी पोटात ठेवलेलं असतं. काय ते आता मला कळलं आहे.

सोमवारी एका गिऱ्हाइकाला भिंग अतिनील किरण अडवतं का ते बघायचं होतं. त्यासाठी आमच्याकडे अतिनील उजेडाची छोटी बॅटरी असते, तुला माहीत आहे. मी शटर अर्धं ओढलं आणि ती लावली. भिंगाने किरण अडवले, गिऱ्हाईक खूश झालं. पण भिंग धरलेल्या माझ्या हाताची बाही अशी निळी पेटली की दुकानाची पाटी लागल्यासारखं वाटलं. शेजारी मास्तर बसले होते. त्यांच्या बाहीवर झोत मारला, ती काळीच राहिली. त्यांच्या घरी अजून साबणाची वडी आहे.

मी दुकान बंद केलं. घरी आलो, पावडरीचा खोका वाचला. "खास शुभ्रतेची चमक" असं त्यावर लिहिलं आहे. मग तुझ्या अभ्र्याचा माझ्याकडे उरलेला चौकोन काढला आणि बॅटरी लावली. तोही तसाच निळा पेटला. नंतर तुझं मेमधलं पत्र पुन्हा काढलं. "बाहेरून आलेलं एक रसायन." "टेबलावर एक वस्तू." घरून आलेलं, असं लिहायला तुझा हात धजला नाही, होय ना?

आणि वर मी तुलाच लिहिलं की ते कापड सगळ्यांना वाट. ते वाचून तू काय केलं असशील, हसलीस की रडलीस?

मी आधी खूप लाजलो. तुझी तीन वर्षं मी पावडरीत बुडवली. तुझा नवरा म्हणाला, "बाबा, तिने तुम्हाला कळू दिलं नाही, मग आता तिच्यासमोर तोंड पाडून बसू नका." तो क्वचित बोलतो, पण कामाचं बोलतो. आणि मग मला दुसरंच दिसायला लागलं. लेख स्वीकारला गेलेला, समिती तोंडावर आलेली, कुणाला काही माहीत नाही, आणि माझी सून जिन्यातून उठून मॅडमच्या दारात जाते. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हाताने पुसून टाकते. आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याला झळ लागू नये म्हणून सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेते. मी आयुष्यभर लोकांना नीट दिसावं म्हणून बसलो आहे. इतकं स्वच्छ बघणारं माणूस माझ्या घरात आलं याचा मला त्या निळ्या उजेडापेक्षा जास्त अभिमान आहे. मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं मी खाली मान घालून सांगेन. मी उभं राहून सांगितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला, खिशातल्या रुमालाने, आणि मी पहिल्यांदाच त्यांना टोकलं नाही.

आता मुद्द्याचं. अभ्रे दोन होते. दुसरा मी कधी वापरला नाही. तुझी सासू आजारी पडायच्या आधीचा, तिने साबणाच्या वडीने धुतलेला, तिने घडी घालून ठेवलेला. कपाट उघडलं की दिसायचा आणि मी कपाट लावून टाकायचो. परवा काढला आणि घडी न मोडता बॅटरी लावली, चारी बाजूंनी. काही नाही. काळाकुट्ट. आयुष्यभर ती मला सांगत होती, पांढरं दिसणं आणि स्वच्छ असणं यात फरक आहे, आणि मी म्हणायचो तुला नवीन काही नकोच असतं.

तो पाठवतो आहे. कापलेला नाही, शिवलेला नाही. घडी मी मोडलेली नाही, ती तू मोड. ठेवून देऊ नकोस. काच पुस.

बाबा


१४ जुलै

बाबा,

हसलेही आणि रडलेही. आधी हसले.

पार्सल घरी उघडलं नाही, प्रयोगशाळेत नेलं. मॅडमना म्हटलं, सासूबाईंचं कापड आलं आहे. त्यांना सगळं सांगून टाकलं, तुम्ही प्राध्यापक नाही हेसुद्धा. त्या म्हणाल्या, "चष्मेवाले? मग शंका बरोबर माणसाला आली होती." पडदे त्यांनीच ओढले. दिव्याखाली घडी मोडली. आतूनही काळी. कापडाला कपाटाचा वास होता, तो मला ओळखीचा वाटला. मग मी एक कोपरा कापला. तुम्ही ठेवून देऊ नकोस म्हणाला होतात.

या वेळी आधी नुसतं द्रावक मोजलं. डबी त्या कोपऱ्याने पुसली, मधून कडेला. त्यानंतरच रेणू. निळा कुठेच नाही. सगळा हिरवा, भरभरून हिरवा. मॅडमची नवी शाखा एकाही प्रोटॉनची वाट अडवत नाही. जितके उजेड पितात तितके जातात आणि तितके परत येतात. आम्ही तसंच लिहिणार आहोत. छोटा लेख होईल, पण खरा. पुढच्या वर्षी समिती पुन्हा बसेल तेव्हा माझ्याकडे दाखवायला हाच असेल, आणि मला त्याची लाज वाटणार नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर राहिलं होतं. हट्टी कुणी नाही. त्यांच्यात तरी नाही.

सोबत एक कागद आहे. आकृती आहे, पण रेणूची नाही. तो हिरवा उजेड मी मास्तरांसाठी नंतर पाठवीन. ही त्याच्या आधीची मोजणी आहे, सासूबाईंच्या कापडाने पुसलेल्या डबीची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट रेषा, तिच्यात काहीही नाही. मी इतकी सुंदर रेषा आजवर काढलेली नव्हती. ती दुकानात लावा, सगळ्यांना दिसेल अशी.

तुमची सून